ड्रायव्हरचं ताट

शालिग्रामचा ट्रक लोधीपुऱ्याच्या तोंडाशी आला की धाकट्या भावाच्या, अनंतच्या, घरात फळीवरची भांडी आधी वाजू लागायची. त्या दुपारीही वाजली. त्याच्या बायकोने, मालूबाईने, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, लेकीची, कमलची, लग्नानंतरची पहिली आखाजी. तिला माहेरी न्यायला तिचा बाप सकाळीच राजपुऱ्यात गेला होता. मुराळी म्हणून जायचा मान खरं तर भावाचा. पण कमलला भाऊ नव्हता, म्हणून बापच मुराळी झाला होता.

कोपऱ्यावरच्या कडू शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली, "काय शालिग्रामभाऊ, आज कितना धक्का लगा?"

"तुझ्या मशीनले लागते त्याच्यापेक्षा कमी," शालिग्राम म्हणाला.

फौजेने लिलावात काढलेला तो ट्रक शालिग्रामने घेतला तेव्हापासून हाच विनोद चालू होता. आता तो करणाऱ्यालाही हसू येत नसे. शालिग्रामला मात्र ट्रकची लाज कधी वाटली नाही. लढाईत असलाच ट्रक त्याने आसामच्या चिखलातून चालवला होता. 'यानं तोफा ओढल्या, आता केळी ओढते. त्याले दोन्हीची लाज नही, मंग मले कायले?' असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. ऐकणाऱ्यांचे कान किटले, याचं तोंड थकलं नाही.

आज मात्र तो सगळाच थकलेला दिसला. एकटाच खाली उतरला, खाकी टोपी गुडघ्यावर झटकली आणि ट्रकच्या तापलेल्या नाकाडावर हात ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला.

"पोरगी कुठी हाय?" मालूबाईने विचारलं.

"उद्या देतीन."

"उद्या? आज काय झालं?"

"आत तर येऊ दे."

आत भाईदास बाजेवर बसून पंख्याने वारा घेत होता. तिघा भावांत तो थोरला. गावाकडची, तुकईथडची शेती, केळीचे बाग आणि घराचा शब्द त्याच्याकडे. आखाजीला पितरांच्या नावाने पुजायच्या नव्या घागरी घ्यायला तो याच ट्रकमध्ये बसून बुऱ्हाणपुरात आला होता. मात्र पेठेत उतरताना त्याने ट्रक दोन गल्ल्या अलीकडेच थांबवायला लावला होता. धाकटा अनंत मास्तर वर्तमानपत्र वाचत होता. त्याची बायको वंदना ताटं घेत होती.

"बसा ना भाऊजी, जेवण तयार आहे," वंदना म्हणाली.

"माझं झालं."

"कुठी झालं?" मालूबाई.

"राजपुऱ्यात. कमलीच्या घरी."

वंदनाच्या हातातलं ताट हातातच राहिलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे तापीकाठच्या घरात शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. बाप लेकीच्या दारी जातो, ओट्यावर टेकतो, विचारपूस करतो आणि कोरड्या घशाने परत येतो.

"लेकीच्या घरचं खाल्लं तुमी?" मालूबाईचा आवाज चिरकला. "देवा! परवा पितरं जेवू घालायची अन् तुमी लेकीच्या दारी जेवून आले?"

"बाप म्हनून नही खाल्लं," शालिग्राम भिंतीला पाठ टेकत म्हणाला. "ड्रायव्हर म्हनून खाल्लं."

आणि मग त्याने सांगितलं. राजपुऱ्याच्या दरवाज्याच्या अलीकडे ट्रक लावून तो व्याह्यांच्या घरी गेला. व्याही मधुकरराव सुताच्या दुकानात, जावई अरविंदही तिथेच. विहीणबाई, धुरपदाबाई, ओट्यावर आल्या. त्यांनी त्याच्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं, काळ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, मालक केव्हा येणार?

"मी मांगं वळून पाह्यलं," शालिग्राम म्हणाला. "वाटलं, माझ्या मांगं कोनी उभं हाय."

कोणी हसलं नाही.

"मी सांगनारच व्हतो. तोंड उघडलंच व्हतं. तर त्या म्हनाल्या, 'तुमचे सेठ मोठे आदमी, खुद कशाला येतील? लग्न ठरतानाच सांगितलं होतं ना, ड्रायव्हर ठेवला आहे म्हणून. पण मुराळी घरचाच पाहिजे, ड्रायव्हरसोबत सून नाही धाडणार.' मंग मी तोंड मिटलं. म्हनलं, उद्या येतीन मालक." त्याने थोरल्या भावाकडे पाहिलं. "दादा, मी सेठ कधी झालो?"

भाईदासने पंखा जास्तच जोरात हलवायला सुरुवात केली.

तशी चूक व्हायला जागाही होती. लग्नात कन्यादान थोरल्या जोडप्यानेच केलं, तशी घराची रीतच होती. दिवसभर शालिग्राम लालबागच्या स्टेशनापासून मांडवापर्यंत वऱ्हाडाच्या खेपा करत होता. व्याहीभेटीला सगळे त्याला शोधत होते तेव्हा तो पाहुण्यांच्या वळकट्या उतरवत होता. त्याच्या वाटचा फेटा भाईदासने बांधून घेतला आणि व्याह्यांना कडकडून मिठी मारली. संध्याकाळी पोरगी सासरी निघाली तेव्हा बाप दमून ट्रकमध्येच झोपलेला होता. 'माझ्या पोरीचं वऱ्हाड माझ्या गाडीनं आनलं' हे तो पुढे सहा महिने लोकांना सांगत होता. आपण मांडवात नव्हतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नवं राज्य व्हनार म्हनतेत," भाईदास अनंतला म्हणाला. "आपलं बुऱ्हाणपूर कुठी जाईन मंग?"

"दादा," शालिग्राम म्हणाला, "मी काही विचारलं."

"मी म्हणालो होतो," अनंतने वर्तमानपत्राची घडी घातली. ते स्थळ त्यानेच आणलं होतं. शाळा, शिकवण्या आणि वर भावांच्या भानगडी, अनंत गेली कित्येक वर्षं दमलेलाच होता. "व्याह्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? मी म्हणालो, मोटार-वाहतुकीचा धंदा आहे. यात झूठ काय आहे, भाऊ?"

"अन् ड्रायव्हर?"

"ते मी जोडलं," भाईदास म्हणाला. "हो, मीच जोडलं! मंग काय सांगू? माझा भाऊ भल्या पहाटी हँडल मारत बसते अन् गावची पोरं मांगून ढकलतेत? झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली असती तर बसली असती पोरगी घरी."

"वंदना," मालूबाई एकदम म्हणाली. ती जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, उभ्या जन्मात थेट बोललेली नव्हती. भांडायचं झालं तरी मधे कोणीतरी लागायचं. "सांग त्यांले. म्हना, ज्याच्या ट्रकात बसून बजारले येता, त्याचीच लाज वाटते? सख्ख्या भावाले लोकाच्या ओट्यावर जेवाले बसवलं, झोप कशी लागते म्हना तुमाले?"

वंदनाने भाईदासकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती, तो चार हातांवरच होता.

"वंदना," भाईदासही तिकडेच तोंड करून म्हणाला, "तिले विचार, लग्नाच्या आधी हे सगळं तिच्या कानावर घातलं व्हतं का नव्हतं?"



शालिग्रामने मान वळवून बायकोकडे पाहिलं. एवढा वेळ त्याला वाटत होतं की या घरात निदान एक माणूस आपल्या बाजूने आहे.

"तुले ठाऊक व्हतं?"

मालूबाईने पदराचं टोक हातात गुंडाळलं. तिला पुष्कळ सांगायचं होतं. लग्नाकार्यात बायका तिला बघून 'ड्रायव्हरीण आली, सरका, धूर येईन' म्हणायच्या, हे तिने कधी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पोरीला दोन स्थळं आली आणि अंगणातला ट्रक बघून चहा न पिता गेली, तेही नाही. नवऱ्याचा अभिमान सांभाळता सांभाळता तिचे खांदे दुखून आले होते. ट्रकमधून येताना तो शेजारी बसून जे गुणगुणायचा, ते तिला आवडायचं; आणि उतरताना लोक बघत तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन्ही खरं होतं.

"ठाऊक व्हतं," ती एवढंच म्हणाली.

"कमलीले?"

"तिले बी."

"म्हंजे मीच एकटा नवा," शालिग्राम म्हणाला. त्याला राग येईल असं सगळ्यांना वाटलं. तो आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता टोपीच्या आतला घाम पुसत बसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा कोणाला घ्यायचा!

अनंतच कामाला लागला. "हे बघ भाऊ, झालं ते झालं. उद्या दादा तांग्याने जातील, कमलला घेऊन इकडे येतील. गावाला जाणारी खकनारकडची बस आता सुरू झाली आहे, सगळे बसने जा. तू ट्रक रिकामा घेऊन ये. किसी को पता नहीं चलेगा."

"नही," शालिग्राम म्हणाला. "माझी पोरगी तांग्यात नही येनार. ट्रक जाईन. दादा, तुमी मुराळी म्हनून चाला. मी ड्रायव्हर हायच."

"आहो, काय बोलता?" मालूबाई कळवळली.

"खोटं काय त्याच्यात? बारा गावचे लोक मले ड्रायव्हर म्हनतेत, मी कधी नही म्हनलं का?" तो आडवा झाला, टोपी डोळ्यांवर ओढली. "अन् एक सांगू? भाकर तिच्याच हातची व्हती. कळण्याची. गरम. लगन झाल्यापासून खाल्ली नव्हती. बाप म्हनून गेलो असतो तं पानी बी नसतं भेटलं."

मालूबाई उठून आत गेली. वंदनाने ताटं परत फळीवर ठेवली, कारण जेवायची इच्छा आता कोणालाच नव्हती.

*

राजपुऱ्यात कमलने रात्र तळमळत काढली होती. सकाळी केस विंचरताना आरशात स्वतःकडे बघायचंही तिला नको झालं.

काल ट्रकचा आवाज तिने पेठेच्या वळणावरच ओळखला होता. ती धावत पुढच्या दारापर्यंत आली आणि सासूबाईंचा प्रश्न तिच्या कानावर पडला, "मालक केव्हा येणार?" एक पाऊल बाहेर टाकायचं होतं. 'ते माझे बाबा' एवढे तीन शब्द. ती दाराआड उभी राहिली आणि तिचे पाय हलले नाहीत. सहा महिने या घरात ती मोटारमालकाची लेक होती. जावांच्या बोलण्यात, हळदीकुंकवात, सगळीकडे. तेवढंच एक तिच्याकडे होतं.

सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, सकाळच्या पोळ्या उरल्या आहेत, त्या दे त्या ड्रायव्हरला. कमल काही न बोलता चुलीशी बसली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा ओढला. "अगं, ड्रायव्हरसाठी ताजं करते का? अच्छा, मोठ्या घरची रीत दिसते," सासूबाई म्हणाल्या. कमलने भाकरी थापली, तव्यावर टाकली, पुन्हा थापली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं म्हणून खपलं. ताट बाहेर न्यायला मात्र तिने मोलकरणीला सांगितलं. तिथेही तिचं धैर्य झालं नाही. दाराच्या फटीतून तिने पाहिलं. बाबा ओट्यावर मांडी घालून, खाली मान घालून जेवत होते. पहिला घास तोंडात गेल्यावर ते थांबले. मग सावकाश, ताट पुसून जेवले, आणि दाराकडे न बघता उठून गेले.

आता पुन्हा तोच आवाज आला.

भाईदास पांढरंशुभ्र धोतर आणि जरीची टोपी घालून खाली उतरला. त्याचं स्वागत झालं, पाट मांडला गेला. त्याने पाणी घेतलं नाही. काकाही मुलीच्या बापासारखाच. धुरपदाबाईंनी विचारलं, "कमलचे वडील नाही आले?"

"त्याले जरा काम व्हतं," भाईदास म्हणाला, आणि खिडकीतून ट्रककडे बघायचं टाळून छताकडे बघत राहिला.

शालिग्राम चाकामागे बसून होता. गल्लीतली माणसं जमली होती. "ये तो हिटलर के टाइम की है," कोणीतरी म्हणालं. एरवी त्याने लगेच तोफांची गोष्ट सुरू केली असती. आज तो समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिला. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. उन्हाने कॅबिनचा पत्रा एवढा तापला होता की कोपर टेकवत नव्हतं.

कमल बाहेर आली. सासूबाईंनी तिची ओटी भरली होती. गडीमाणसाने ट्रकच्या मागच्या बाजूला, घागरींच्या शेजारी, सतरंजी अंथरली होती.

"मागे बस हं नीट, धरून," धुरपदाबाई म्हणाल्या. "काकाजी पुढे बसतील."

कमल वाकून सगळ्यांच्या पाया पडली. मग ती ट्रकच्या मागे न जाता पुढच्या दाराकडे गेली, दांडी धरली, लुगडं सावरलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली.

गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवी सून, भर दिवसा, परक्या ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून!

"कमल!" धुरपदाबाई ओट्यावरून ओरडल्या. "शुद्धीवर आहेस का? उतर खाली!"

कमल उतरली नाही. बोलावं असं तिला फार वाटत होतं, पण कालचे ते तीन शब्द आजही बाहेर पडेनात. तिने नुसता बापाच्या बाहीचा कोपरा मुठीत धरला आणि ती मूठ सोडली नाही.

"मांगं बस, कमली," शालिग्राम पुटपुटला. "कायले घोळ घालतं? मी काही बोललो का?"

"काकाजी, तुम्ही तरी सांगा तिला!" धुरपदाबाई भाईदासकडे वळल्या. सगळी गल्ली भाईदासकडे वळली. घराण्याचा थोरला, शब्दाचा धनी. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. लोक सुनेला आता काय काय म्हणतील, हे त्याला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. आणि पोरगी तर ओठ शिवून बसली होती.

"तो माझा भाऊ हाय," अखेर तो म्हणाला. "शालिग्राम. तिचा बाप. ड्रायव्हर-बिव्हर कोनी नही ठेवला. तोच चालवते. मी खोटं बोललो."

धुरपदाबाई मटकन ओट्यावर बसल्या. काल याच जागी आपण व्याह्याला बसवून ताट ठेवलं, हे त्यांना आठवलेलं सगळ्यांनी पाहिलं. बाई बोलायला फटकळ, पण मनाने वाईट नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, रागाने की शरमेने, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"व्याही, काल सांगायचं तरी! माझ्या हातून केवढं पाप करवलंत!"

"तुमी मले ड्रायव्हर समजल्या. ट्रक तं मीच चालवतो," शालिग्राम हात जोडून म्हणाला. "त्याच्यात खोटं काय व्हतं, विहीणबाई?"

त्या झटकन उठून आत गेल्या आणि स्वतः तांब्या-भांडं घेऊन आल्या. रांजणातलं पाणी होतं, तांब्यावर थेंब जमले होते. ओट्यावरून उतरून, चार लोकांसमोर, त्यांनी ते कॅबिनच्या दाराशी धरलं. "एवढं घ्या. उन्हाचे आला आहात."

शालिग्रामने तांब्याकडे पाहिलं. कमलने त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना पाहिली. काल तो इथे तीन भांडी पाणी प्यायला होता.

"आता नही चालत, विहीणबाई," तो म्हणाला. "आता मी पोरीचा बाप."

धुरपदाबाईंनी तांब्या मागे घेतला. त्यांनाही ते समजलं. कमलला तर असं समजलं की तिने तोंड पदराने झाकून घेतलं.

"दादा, हँडल मारा," शालिग्रामने हाक दिली.

"मी?"

"मी उतरलो तं पोरगी एकटी राह्यते. मारा. अंगठा बोटांच्या बाजूनं ठेवा, नही तं मोडीन."

भाईदासने जरीची टोपी सांभाळत ट्रकच्या नाकाडातलं हँडल फिरवलं. पहिल्यांदा ट्रक नुसता खोकला, दुसऱ्यांदा भाईदासच खोकला. राजपुऱ्याची पोरं खदखदून हसली. तिसऱ्यांदा ट्रक सुरू झाला आणि काळ्या तेलाचे हात धोतराला पुसत घराण्याचा थोरला मागे घागरींच्या सोबतीला चढला.

लोधीपुऱ्यात मालूबाई गावी परतायला बोचकं घेऊन दाराशीच उभी होती. तिने कमलला पुढे बसलेलं पाहिलं, मागे जेठाचं धोतर पाहिलं आणि एक शब्द न विचारता तीही पुढे चढली. तिघं दाटीवाटीने बसली. शालिग्राम तिच्याशी बोलला नाही. कालचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं, आणि एवढ्यात जाणारही नव्हतं. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "पानी तरी पिऊन घ्यायचं व्हतं अनंतभाऊजीकडे." तो म्हणाला, "ध्यानात नही राह्यलं."

शहर संपलं तिथे लिंबाखाली कोणीतरी पाणपोई घातली होती. शालिग्रामने ट्रक उभा केला, पण बंद केला नाही. पुन्हा हँडल मारायला दादा मागून उतरला नसता. कमल त्याच्या आधी खाली उतरली. पाणी घालणाऱ्या म्हातारीच्या हातून तिने तांब्या मागून घेतला.

"इथे चालतं ना, बाबा?"

"इथी चालते. हे काही तुझ्या घरचं नही."

तो रस्त्याच्या कडेला वाकला आणि ओंजळ धरली. कमल पाणी ओतू लागली. तो पीत राहिला, वर बघेना. तांब्या संपला. म्हातारीने दुसरा भरून दिला, तोही ती ओतत राहिली. मागून भाईदास हाका मारत होता की मलाही तहान लागली आहे.